सिझरच्या सकाळी बीपीची गोळी: घ्यायची की नाही, हे आधी कसं ठरवून घ्याल?

माझ्या धाकट्या जावेचं सिझर सकाळी नऊला ठरलं होतं. आदल्या दिवशी ऐरोलीच्या घरी निरोप आला तो एवढाच, "उपाशीपोटी या." सासूबाईंनी त्याचा सरळ अर्थ घेतला: पाण्याचा थेंब नाही, गोळ्याही नाहीत. सकाळी बीपी मोजलं तर वरचा आकडा १७० च्या पुढे. शिरेतून औषध देऊन ते उतरेपर्यंत सगळे ताटकळले, आणि ती बिचारी रडवेली झाली. सासूबाईंचं काहीच चुकलं नव्हतं. गोळ्यांचं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

म्हणून तारीख ठरली की पहिलं काम गोळ्यांचं. चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत भरा आणि कागदावर नाव, ताकद, वेळ लिहा. थायरॉइड, इन्सुलिन, कोणी दिलेला काढा, सगळं त्यात आलं पाहिजे. घरात कुणाची टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल ही बीपीची गोळी पडलेली असेल तर तिला हात लावू नका. पोटातल्या बाळाला ती चालत नाही.

ती पिशवी घेऊन भूलतज्ज्ञांना भेटा. प्रसूतीच्या डॉक्टरांना भेटलो म्हणजे झालं असं नाही, कारण त्या सकाळी बीपी सांभाळणारा हात भूलतज्ज्ञांचा असतो. सिझरला बहुधा कमरेतून भूल देतात आणि तिने बीपी झपकन खाली येतं. एका बाजूला चढलेलं बीपी, दुसऱ्या बाजूला हे उतरणं, यांचा मेळ त्यांनाच घालायचा असतो. प्रत्येक गोळीसाठी तीन प्रश्न विचारा: शेवटची कधी घ्यायची, त्या सकाळी घ्यायची का, किती पाण्याबरोबर? उत्तर फाईलवर लिहून घ्या. तोंडी ऐकलेलं रात्री अकराला आठवत नाही.

गरोदरपणात लॅबेटालॉल, निफेडिपिन, मेथिलडोपा ही औषधं नेहमीची. लॅबेटालॉल आणि निफेडिपिन साधारणपणे त्या सकाळीही ठरल्या वेळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. लॅबेटालॉलसारखी गोळी एकदम तोडली तर बीपी उसळी मारू शकतं. मग उपाशी राहण्याचं काय? सर्वसाधारण नियम असा: जेवण निदान सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा मात्र पाण्यात धरत नाहीत. गोळीपुरत्या घोटाने उपास मोडत नाही, हे सासूबाईंना भूलतज्ज्ञांच्याच तोंडून ऐकवा. निफेडिपिनची हळूहळू विरघळणारी गोळी कुटायची नाही की चावायची नाही. सकाळी बीपी नेहमीपेक्षा बरंच कमी दिसलं, तर गोळी घेण्याआधी फोन करा.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांची गोष्ट वेगळी आहे. हेपरिनच्या जातीची इंजेक्शनं चालू असतील तर शेवटच्या इंजेक्शनपासून कमरेतल्या भुलेपर्यंत डोसप्रमाणे बारा ते चोवीस तास जावे लागतात, नाहीतर मणक्याजवळ रक्तस्राव होण्याची भीती असते. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या बाईने वॉर्फरिन स्वतःहून बंद करू नये. कधी आणि कशावर बदलायचं हे हृदयाचे डॉक्टर बरंच आधी ठरवतात. अ‍ॅस्पिरिन केव्हा थांबवायचं तेही विचारूनच.

त्या सकाळी गोळी घरीच, नेहमीच्या वेळी घ्या आणि घेतल्याची वेळ फाईलवर लिहा. घोडबंदरवरून ठाण्याकडे यायचं असेल तर वाट कधी तुंबेल सांगता येत नाही, आणि पावसाळ्यात तर नाहीच. दुसरा डोस जवळ आला असेल तर तो पर्समध्ये ठेवा. पोहोचल्यावर नर्सला स्वतःहून सांगा, "बीपीची गोळी सहाला घेतली." बीपीचा इतिहास ऐकला की रक्तस्राव थांबवायला दिलं जाणारं मेथर्जिन इंजेक्शन डॉक्टर टाळतात.

आणि तारखेची वाट कधी पाहायची नाही? बीपी १६०/११० किंवा त्यावर गेलं, डोकं असह्य दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली कळ आली किंवा दम लागला, तर लगेच निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

बाळ झाल्यावर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं. पण बीपी बहुतेकदा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढतं, म्हणजे बाई घरी आल्यावर. डिस्चार्जच्या कागदावर गोळीचं नाव, वेळ आणि बीपी परत मोजायची तारीख दिसत नसेल, तर ती लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.