समीक्षक आणि कारभारी एकाच खोक्यात: आर्काइव्हमध्ये नवीन आलेल्यांसाठी

आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुने कागद जपून ठेवणाऱ्या संस्थेत, नवीन लागलेल्यांना पहिलं मोठं काम म्हणून बरेचदा कुणाच्या तरी खासगी कागदपत्रांचं कलेक्शन मिळतं, आणि तो माणूस जर संगीतावर लिहिणारा आणि शिवाय एखादी कलासंस्था चालवणारा असेल तर शिकायला भरपूर मिळतं आणि डोकंही तेवढंच फिरतं. मी असं एक कलेक्शन लावलंय. कुणाचं ते सांगत नाही, घरच्यांशी तसं ठरलंय.

पहिला मोह होतो तो गठ्ठे पाडायचा. परीक्षणं, कार्यक्रमपत्रिका, कलाकारांची पत्रं इकडे, मीटिंगची इतिवृत्तं, बजेटं, अनुदानाचे अर्ज तिकडे. दिसायला एकदम छान दिसतं, पण करू नका. हा माणूस दिवसा कमिटीत बसून कुणाला पैसे द्यायचे ते ठरवत होता आणि संध्याकाळी त्यांच्याच कार्यक्रमांवर पेपरात लिहीत होता, आणि ही दोन कामं जिथे एकमेकांत घुसतात तिथेच कलेक्शनचा खरा जीव असतो. मला एकाच फोल्डरमध्ये एका वाद्यवृंदाचा अनुदानाचा अर्ज, त्याला टाचलेला त्याच वाद्यवृंदाच्या परीक्षणाचा कच्चा खर्डा, आणि त्या खर्ड्यात खोडलेलं एक चांगलंच झोंबरं वाक्य असं सगळं सलग मिळालं. छापील कात्रणात ते वाक्य नाहीये. ते का गाळलं हे मी ठरवणार नाही, ते संशोधकाचं काम, पण हे कागद तीन वेगळ्या खोक्यांत गेले असते तर हा प्रश्नच कुणाला पडला नसता.

मूळ क्रम, म्हणजे त्या माणसाने स्वतः कागद ज्या क्रमाने ठेवले होते तो, मोडायचा नाही हा नियम काही नवा नाही, म्युलर, फाइथ आणि फ्रुइन या तीन डच आर्किव्हिस्टांनी १८९८ च्या त्यांच्या मॅन्युअलमध्ये तो मांडून ठेवलाय. फक्त एक लक्षात घ्या, माणूस गेल्यावर घरच्यांनी घाईत खोली रिकामी करताना भरलेलं खोकं म्हणजे मूळ क्रम नव्हे! फोल्डरवर त्याच्या अक्षरात काही लिहिलंय का, पिनांचे डाग एकमेकांशी जुळतात का, पत्र आणि त्याच्या उत्तराची कार्बन कॉपी एकत्र आहे का, हे बघा. काहीच नसेल तर तुम्ही क्रम लावा, पण तो तुम्ही लावलाय हे कलेक्शनच्या सूचीत लिहा.

कशालाही हात लावायच्या आधी प्रत्येक खोकं उघडून वरून फोटो काढा, आणि कुठल्या खोक्यात साधारण काय आहे याची कच्ची यादी करा. प्रत्येक कागद वाचत बसू नका, मोह होतो, पत्रं फार रसाळ असतात. २००५ मध्ये ग्रीन आणि माइस्नर या दोन अमेरिकन आर्किव्हिस्टांनी हेच ठणकावून सांगितलं होतं, की बारीकसारीक कामात वर्षं घालवण्यापेक्षा कलेक्शन लवकर वाचकांसाठी उघडा. मला ते बऱ्यापैकी पटतं, पण अशा कलेक्शनमध्ये अनुदानाच्या फायली मात्र नीट बघाव्याच लागतात, कारण पुढे सांगते.

कार्यक्रमपत्रिका बघून नवीन लोक म्हणतात, छापील आहे, शेकडो प्रती असतील, काढून टाकू. थांबा, आधी उलटून बघा. समीक्षक अंधारात बसून तिच्यावरच पेन्सिलीने खरडतो, कुठे लय ढासळली, कुठला भाग गाळला, शेजारी कोण बसलं होतं. मग ती प्रत जगात एकच होते. त्या पेन्सिलीवर रबर चालवणं तर सोडाच, बोटसुद्धा घासू नका.

कागदाची काळजी थोडक्यात: गंजलेल्या पिना आणि वितळलेली रबरबँडं हळूच काढा, सेलोटेप ओढू नका, वर्तमानपत्राची कात्रणं आम्लधर्मी कागदावरची असतात आणि शेजारच्या पानावर तपकिरी डाग पाडतात म्हणून मध्ये आम्लरहित कागद घाला. थर्मल पेपरवरचे फॅक्स मात्र लगेच स्कॅन करा, ती अक्षरं उडतातच, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातला कलासंस्थांचा बराच पत्रव्यवहार फॅक्सवरच झालाय.

कॅसेट आणि स्पूल सापडतील, ते घरच्या प्लेअरवर लावून बघू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपांचा थर दमट हवेने चिकट होतो आणि वाजवताना खरवडून निघतो. हे साउंडवाल्या माणसाकडे द्या, आणि डिजिटल फाइल कशी हवी ते तुम्ही सांगा. साउंड आर्काइव्हच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीप्रमाणे किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि जमलं तर ९६ किलोहर्ट्झ. एमपी३ ऐकायला ठीक, जपायला नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग. कलेक्शन तुमच्या संस्थेला मिळालं म्हणजे त्यातल्या पत्रांचा कॉपीराइट मिळाला असं होत नाही. एखाद्या गायिकेने त्याला लिहिलेलं पत्र, कागद आता तुमचा, मजकूर तिचा आणि नंतर तिच्या वारसांचा. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं धरलीत, भारतात ६०, युरोपियन युनियनमध्ये ७०. म्हणजे वाचायला देता येईल, वेबसाइटवर टाकताना विचारावं लागेल. अनुदानाच्या फायलींत नाकारलेले अर्ज, परीक्षकांचे शेरे, कुणाच्या आजारपणाची, कर्जाची माहिती असते, आणि ते लोक अजून हयात असतात. अशा फायली ठरावीक वर्षं बंद ठेवायच्या, पण 'बंद आहे, अमुक साली उघडेल' हे सूचीत दिसलं पाहिजे, लपवायचं नाही. आणि काही कागद मुळात त्याचे नसतातच, ऑफिसच्या फायली त्याने घरी आणलेल्या असतात. त्या मूळ संस्थेला परत द्यायच्या की इथेच ठेवायच्या हे देणगीपत्रावर सह्या व्हायच्या आधी विचारून घ्या, नंतर विचारलं की सगळेच अवघडतात.

सूची लिहिताना आयसॅड-जी (ISAD(G)) हे आर्काइव्हच्या कागदांचं वर्णन कसं करायचं याचं आंतरराष्ट्रीय मानक जवळ ठेवा, दुसरी आवृत्ती २००० ची आहे. चरित्राची टीप छोटी आणि कोरडी लिहा. 'थोर', 'व्यासंगी' वगैरे विशेषणं नकोत, कुठल्या साली कुठल्या पदावर होता आणि कुठल्या पेपरात लिहीत होता या दोन रांगा शेजारी-शेजारी मांडा. वाचक सगळ्यात आधी तेच शोधतो.

संगीत यायलाच हवं का, हे मला सगळे विचारतात. गायला-वाजवायला नाही आलं तरी चालतं, पण राग आणि ताल, सोनाटा आणि सिम्फनी यातला फरक कळायला हवा, नाहीतर फोल्डरची नावं चुकतात. त्यापेक्षा जास्त उपयोगी म्हणजे वाईट अक्षर वाचता येणं आणि बजेटचा तक्ता समजणं, आणि ही दुसरी गोष्ट लायब्ररी सायन्स करून आलेल्या मुलांना हमखास येत नाही, तेव्हा अकाउंट्सवाल्या एखाद्या मित्राला पकडून ठेवा.