एलडीएचची तुलना करताय? आधी अर्क पातळ करा

वेगवेगळ्या प्राण्यांच्या ऊतींमधलं लॅक्टेट डिहायड्रोजिनेज (एलडीएच, पायरुव्हेटचं लॅक्टेट करणारं एन्झाइम) मोजायचं काम नवख्यांना हमखास मिळतं. पायरुव्हेट घातलं की एनएडीएच (या क्रियेत हायड्रोजन पुरवणारं सहएन्झाइम) खर्च होतं, त्याचं 340 नॅनोमीटरचं प्रकाशशोषण उतरतं, उताराचा वेग मोजायचा. दिसायला सोपं आहे. पण यात सगळ्यात जोरकस ऊतीच सगळ्यात दुबळी ठरू शकते, आणि यंत्र तुम्हाला सावध करत नाही.

हिशेब मांडून बघा. 1 मिली मिश्रणात 0.15 मिलिमोलर एनएडीएच, म्हणजे सुरुवातीचं शोषण 0.93. बांगड्याचा 100 मिलिग्रॅम पांढरा स्नायू 0.9 मिली थंड बफरमध्ये घोटला (कातडीखालचा गडद पट्टा वेगळा काढा, तो तांबडा स्नायू आहे) आणि अर्कात मिलीला 50 युनिट (1 युनिट म्हणजे मिनिटाला 1 मायक्रोमोल एनएडीएच खर्च) निघाले असं धरा. त्यातले फक्त 10 मायक्रोलिटर सगळं एनएडीएच 18 सेकंदांत फस्त करतात. क्युवेट (मोजणीची छोटी पारदर्शक नळी) हलवून यंत्राचं झाकण लावेपर्यंत खेळ संपलेला असतो. पडद्यावर सपाट रेघ येते आणि वहीत ‘क्रिया नाही’ अशी नोंद होते.

म्हणून उताराआधी पहिला आकडा बघा. पायरुव्हेट घालण्याआधी 0.9 आणि घातल्यावर लगेच 0.1 असेल, तर एन्झाइम भरपूर आहे. अर्क 50 ते 100 पट पातळ करा, मिनिटाला 0.02 ते 0.1 एवढाच उतार ठेवा. दोन वेगवेगळ्या पटींनी पातळ करून मोजा. गुणाकारानंतर उत्तरं जुळली नाहीत तर एकही खरं धरू नका. अति पातळ एन्झाइम प्लास्टिकला चिकटतं, त्यामुळे पातळ करायच्या बफरमध्ये मिलीला 1 मिलिग्रॅम अल्ब्युमिन घाला. तुलनेसाठी प्रथिनं मोजायची ती मात्र मूळ अर्कातच मोजा, नाहीतर अल्ब्युमिनच मोजलं जाईल.

पायरुव्हेट शेवटी घाला. त्याआधीचा दोन मिनिटांचा उतार वजा करा. यकृतात तो दुर्लक्ष करण्याइतका नसतो.

एवढं जमलं की निम्मं काम झालं, घाबरू नका. आता पायरुव्हेटचं प्रमाण. एलडीएचचा हृदयातला एच प्रकार जास्त पायरुव्हेटने मंदावतो, स्नायूतला एम प्रकार बराच तग धरतो. 10 मिलिमोलरवर दोघांची तुलना केलीत तर हृदयावर अन्याय होतो. प्रत्येक ऊतीसाठी 0.1 ते 10 मिलिमोलरचा आलेख काढा. किटवर छापलेलं एकच प्रमाण सगळ्यांना लावणं हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. मार्गदर्शक अंतिम आकडेच मागत असले तरी मूळ रेघा त्यांच्यासमोर ठेवा.

अर्क गोठवून ‘उद्या बघू’ म्हणू नका: एम प्रकार थंडीत क्रिया गमावतो, एच टिकतो, आणि ऊतींमधलं गुणोत्तरच बिघडतं. एनएडीएचचं द्रावण रोज ताजं करा, आम्लात ते टिकत नाही. सस्तन प्राण्याचं हृदय किंवा यकृत थंड सलाइनने धुवून रक्त काढा, कारण तांबड्या पेशी एलडीएचने भरलेल्या असतात.

जीव बदलला की नियमही बदलतात. लॅक्टोबॅसिलस केसीआय या जिवाणूच्या एन्झाइमला चालना मिळायला फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेट लागतं. ते न घालता ‘क्रिया नाही’ लिहू नका. आणि बदकाच्या डोळ्याच्या भिंगात प्रचंड आकडा आला तर नमुन्यांची सरमिसळ झाली असं समजून तो फेकू नका. तिथलं एप्सिलॉन क्रिस्टॅलिन हे भिंगाचं प्रथिन म्हणजे एच प्रकारचं एलडीएचच आहे.