मराठा सुतार बघायला जाताय? या चुका टाळा

सोलापूरच्या माळावर, बाभळीत किंवा कडुनिंबावर बुलबुलाएवढा सुतार पक्षी दिसला, तर तो बहुधा मराठा सुतार. इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ लॅथम यांनी 1801 मध्ये त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, त्यातही आपलाच मुलूख आहे: माहराटेन्सिस. तरी आपल्याकडचीच माणसं त्याला चुकीचा ओळखतात.

सगळ्यांत जास्त घोळ डोक्यावरून होतो. नराच्या टाळूच्या मागे लाल रंग असतो, मादीला तो नसतो. लाल दिसलं नाही की लगेच 'वेगळी जात सापडली!' म्हणून फोटो येतो. मी आधी पोट बघतो. पोटाच्या मधोमध लाल डाग नर-मादी दोघांनाही असतो. पाठीवर काळपट-तपकिरी आणि पांढरे ठिपके, लांबी 17-18 सेंमी. चिमणीएवढा, तपकिरी टोपीचा आणि पोटावर लाल नसलेला असेल, तर तो पिग्मी सुतार. पाठ सोनेरी असेल तर विषयच संपला, तो सोनपाठी सुतार.

ढोली दिसली की ती सुताराचीच, असंही धरू नका. तांबटही वाळक्या फांदीत ढोली कोरतो.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवणं मात्र मला अजिबात सहन होत नाही. एका मार्चमध्ये विजापूर रोडच्या वनविहारात एका जोडीची पिलं ढोलीत होती. दोन नवी पोरं आली आणि झाडाखालीच स्पीकर लावून बसली. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून बिचारा नर या फांदीवरून त्या फांदीवर ओरडत फिरत राहिला. मादी चोचीत अळी धरून शेजारच्या झाडावर अडकली. मी स्पीकर बंद करायला लावला, तरी ती ढोलीत शिरेपर्यंत बराच वेळ गेला. फोटोसाठी पिलांचा घास अडवायचा नाही. घाई असेल त्याने घरीच थांबावं.

मी सकाळी उन्हं चढायच्या आत जातो. तीसेक पावलांवर बुंध्याला टेकून बसतो आणि कान देतो. सालीवर बारीक टकटक ऐकू येते, खपल्या खाली पडतात, मग दुर्बीण वर.

भडक कपडे नकोत. फांदी हलवायची नाही.

आणि अंगणातली वाळकी फांदी दिसली की लगेच छाटू नका. मऊ पडलेल्या लाकडातच हा ढोली कोरतो. आमच्या शेवग्याची एक फांदी मी तीन वर्षं तशीच राखली. यंदा फेब्रुवारीत तिच्याखाली भुसा पडलेला दिसला.