ऑनलाइन लिलावात स्पोर्ट्स कार्ड घेताय? मग या चुका टाळा

दर आठवड्याला कुणीतरी ईबे या लिलावाच्या साइटवरच्या एखाद्या स्पोर्ट्स कार्डाचा (खेळाडूचा फोटो छापलेलं, लोक जमवतात ते कार्ड) स्क्रीनशॉट पाठवतं आणि खाली प्रश्न ठरलेला, "काका, हे एवढ्याला गेलंय, म्हणजे माझ्याकडचंही तेवढ्याचंच ना?" नाही. एका रात्री दोन माणसं एका कार्डासाठी भिडली, त्यातून जो आकडा आला तो त्या रात्रीचा आकडा. भाव म्हणजे असे बरेच आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर जे दिसतं ते. इकडे अमेरिकेत आपली बरीच मराठी मुलं गेल्या काही वर्षांत कार्डांच्या नादाला लागलीयत, त्याचा मला मनापासून आनंद आहे, पण त्याच त्याच चुका बघून आता जीव मेटाकुटीला आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

थोडं मागचं माहीत असलेलं बरं. ईबेच्या आधी भाव म्हणजे बेकेटचं कार्डांच्या किंमती छापणारं मासिक, १९८४ पासून निघायचं. दुकानदार ते उघडून काउंटरवर ठेवायचा, विकताना त्यातली वरची किंमत आणि तुमच्याकडून घेताना त्याच्या मनातली किंमत. दुसऱ्या राज्यातल्या दुकानात तेच कार्ड केवढ्याला जातंय हे कळायला मार्गच नव्हता. १९९५ ला ईबे आलं आणि देशभरातल्या माळ्यांवरची खोकी एकाच बाजारात उघडली गेली. मग कळलं की दुकानात "दुर्मिळ" म्हणून काचेत ठेवलेली निम्मी कार्डं दुर्मिळ वगैरे काही नव्हती. ८० च्या दशकाच्या शेवटापासून ९० च्या सुरुवातीपर्यंत कंपन्यांनी बेसुमार छपाई केली होती आणि लोकांनी ती सगळी जपून ठेवली होती, त्यामुळे त्यांचे भाव पार झोपले. दुसरीकडे पीएसएसारख्या कंपन्या कार्ड तपासून, १ ते १० मध्ये ग्रेड देऊन प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये सील करून द्यायला लागल्या होत्या (पीएसए १९९१ ची), त्यामुळे हातात न घेता लांबून विकत घ्यायची लोकांची हिंमत झाली. याचा परिणाम असा की साधं कार्ड स्वस्त झालं आणि १० ग्रेडचं तेच कार्ड ९ ग्रेडच्या कितीतरी पट महाग. हे ज्याला समजलं नाही त्याने अजून बिड टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे

लिस्टिंगमध्ये कुणीही काहीही मागू शकतं. डाव्या बाजूच्या फिल्टरमध्ये "सोल्ड आयटम्स" वर टिक करा आणि मगच आकडे बघा. त्यातही जिथे किंमतीवर काट मारलेली दिसते तिथे विकणाऱ्याने कमी ऑफर घेतलेली असते आणि ती खरी रक्कम ईबे तिथे दाखवत नाही. ती बघायला १३० पॉइंट नावाची साइट आहे, फुकट आहे, वापरा. आणि सोल्ड दिसतंय म्हणजे पैसे दिले असंही नसतं, जिंकून पैसे न देणारे महाभाग भरपूर आहेत. तेच कार्ड, त्याच विकणाऱ्याकडून, दोन आठवड्यांनी परत लिस्टला आलेलं दिसलं तर आधीचा आकडा सरळ खोडून टाका.

एका विक्रीवरून भाव ठरवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून इथे जरा वेळ घेतो.

फ्लीअर या कंपनीचं १९८६ चं बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं कार्ड, सेटमधलं ५७ नंबरचं. १३२ कार्डांचा सेट आहे, फार दुर्मिळ कार्ड नाही, पण सगळ्यांना हवं असलेलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोक घरी, हातात पैसे, टीव्हीवर जॉर्डनवरची डॉक्युमेंटरी मालिका, आणि भाव चढायला लागले. जानेवारी २०२१ च्या शेवटी गोल्डिन या लिलावघराच्या लिलावात १० ग्रेडची दोन कार्डं गेली, प्रत्येकी ७,३८,००० डॉलरला. त्याच्या काही आठवडे आधी तेच कार्ड सव्वादोन लाखाच्या आतबाहेर होतं. झालं, सगळीकडे एकच आकडा, सात लाख अडतीस हजार.

माझ्या मित्राचा मुलगा, पुण्याहून इकडे न्यू जर्सीत एमएसला आलेला, नुकताच नोकरीला लागलेला. त्याला त्याच जॉर्डनचं ६ ग्रेडचं घ्यायचं होतं. मी त्याला म्हटलं, अरे थांब, मागच्या सहा महिन्यांतल्या सगळ्या विक्री एका कागदावर तारखेसकट लिहून काढ आणि मग बघ. तर म्हणे, "काका, दर आठवड्याला वाढतंय, थांबलो तर हातातनं जाईल." त्याच्या बापानेही सांगून बघितलं. फेब्रुवारीत घेतलंच त्याने, आणि ज्या विक्रीचा आधार घेऊन बिड लावली ती होती एकच, आधल्या रविवारची. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १० ग्रेडचं कार्ड २०२२ च्या मध्यापर्यंत दोन लाखांच्याही खाली आलं, आणि वरचं पडलं की खालच्या ग्रेडचंही पडतंच, त्याच्या कार्डाची किंमत जवळपास निम्म्यावर. कार्ड अस्सल आहे, सेंटरिंगही (चित्र चौकटीत मधोमध असणं) छान आहे, पण आता तो ते कपाटातून बाहेर काढत नाही, आणि मला याचंच वाईट वाटतं. पैसे येतील जातील, पण इतकं सुंदर कार्ड, लाल-पांढऱ्या-निळ्या चौकटीतला तो हवेत झेपावलेला जॉर्डन, त्याच्याकडे बघायची इच्छाच राहिली नाही पोराची.

माझी पद्धत साधी आहे. त्याच ग्रेडच्या, त्याच कंपनीच्या स्लॅबमधल्या निदान पाच विक्री काढतो, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडून देतो, उरलेल्या बघतो. ईबे साधारण मागच्या तीन महिन्यांचंच दाखवतं, त्यामुळे जे कार्ड घ्यायचंय त्याची वही आधीपासून ठेवतो. पाच विक्री सापडतच नसतील तर त्या कार्डाला "भाव" नाहीच असं समजून मला किती द्यायचे आहेत तेवढेच देतो. सचिनची जुनी कार्डं शोधणाऱ्या आपल्या लोकांना हे खास सांगणं आहे. क्रिकेट कार्डांचा बाजार बेसबॉल-बास्केटबॉलच्या मानाने फार पातळ आहे, त्यात एक हौशी लंडनमधून आणि दुसरा सिडनीतून भिडला की आकडा आकाशाला भिडतो, आणि पुढच्या वेळी त्यातला एक जरी आला नाही तर तेच कार्ड निम्म्यात जातं.

पाच-पाच डॉलरने बिड वाढवत बसणं

ही माझी दुसरी नावडती चूक. लोकांना अजूनही ईबेची प्रॉक्सी पद्धत, म्हणजे तुमच्या कमाल आकड्यापर्यंत तुमच्या वतीने यंत्राने बिड वाढवणं, कळत नाही. तुम्ही १२० टाकले म्हणजे १२० द्यावे लागतील असं नाही. दुसऱ्याची कमाल ८० असेल तर तुम्हाला ते ८१ ला मिळतं, कारण त्या टप्प्यात एक डॉलरची वाढ असते (१०० च्या वर गेलं की अडीच, २५० च्या वर पाच). म्हणजे आपली खरी कमाल एकदाच टाकायची आणि गप्प बसायचं, यंत्र बाकीचं बघतं.

नवशिका काय करतो? ८२ टाकतो, "तुम्ही मागे पडलात" असा निरोप येतो, मग ८५, मग ९०, मग चिडून ११०. प्रत्येक वेळी तो समोरच्याला सांगतो की इथे अजून एक गिऱ्हाईक आहे आणि स्वतःची मर्यादाही सरकवत जातो. शेवटी १४० ला जिंकतो आणि जिंकलो म्हणून नाचतो, पण सकाळी त्याच्या मनात ९० होते. वर त्याचा तो १४० उद्यापासून "सोल्ड" मध्ये दिसणार आणि आणखी दहा जण तोच भाव समजून चालणार. असे फुगलेले आकडे बाजारात येतात ते असल्या हट्टातूनच, मोठ्या गुंतवणूकदारांमुळे फक्त येत नाहीत.

मी आकडा सकाळी कागदावर लिहितो आणि शेवटच्या सात-आठ सेकंदात एकदाच टाकतो, तोही १२७.५३ असा आडवातिडवा, कारण बरेच जण १२५ ला थांबतात. गेलं तर गेलं. त्यासाठीची, शेवटच्या क्षणी आपोआप बिड टाकणारी स्नाइपिंग ॲप असतात ती वापरणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण ॲप लावलं म्हणून आकडा ठरवायचं काम सुटत नाही. शॉर्टकट शोधणाऱ्यांना नेमकं तेच काम टाळायचं असतं. आणि हो, ही शेवटच्या सेकंदाची युक्ती मोठ्या लिलावघरांमध्ये चालत नाही, तिथे बिड आली की वेळ वाढत जातो.

बिड हिस्टरी न उघडणं

बिडच्या संख्येवर क्लिक केलं की यादी उघडते. नावं तारे घालून लपवलेली असतात, पण कुठल्याही बिडरवर क्लिक केलं की मागच्या ३० दिवसांत त्याने किती बिड टाकल्या, किती मागे घेतल्या आणि त्यातल्या किती टक्के याच विकणाऱ्याकडे होत्या हे दिसतं. फीडबॅक (आधीच्या व्यवहारांवरून मिळालेले गुण) शून्य-एक, याच विकणाऱ्याकडे शंभर टक्के, बिड भरपूर, तर खोट्या बिडने भाव चढवण्याचा दाट संशय. मी अशा ठिकाणी दुसऱ्यांदा जात नाही.

हे फक्त भुरट्यांचं काम असतं असं समजू नका. बिल मास्ट्रो हा अमेरिकेतल्या क्रीडा-वस्तूंच्या लिलावातला एकेकाळचा सगळ्यात मोठा माणूस, त्याच्या लिलावघरात खोट्या बिड चालायच्या. २०१३ मध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, २०१५ मध्ये २० महिन्यांची शिक्षा झाली. त्याच कबुलीत हेही निघालं की टी२०६ या जुन्या मालिकेतल्या, बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या सगळ्यात प्रसिद्ध कार्डाच्या कडा नव्यासारख्या दिसाव्यात म्हणून त्यानेच कापल्या होत्या. हे तेच कार्ड, जे पीएसएने सगळ्यात पहिलं ग्रेड केलं आणि ८ ग्रेड दिली, आणि जे २००० साली ईबेवर साडेबारा लाख डॉलरच्या वर गेलं. म्हणून स्लॅब बघून डोळे मिटायचे नाहीत. कार्ड बघायचं, चारही कडा, कोपरे, मोठ्या फोटोत, आणि फोटो धूसर असेल तर विकणाऱ्याकडे नवीन मागायचा. देत नसेल तर पुढे चला.

बाकी छोट्या गोष्टी पटापट सांगतो.

स्लॅबवरचा सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. नकली स्लॅबही येतात, आणि नंबर खरा पण आतलं कार्ड दुसरंच असंही होतं, तेव्हा तिथला फोटो ताडून बघा.

जॉर्डनचं ते फ्लीअर कार्ड रॉ, म्हणजे ग्रेड न केलेलं, स्वस्तात मिळतंय? घेऊ नका. नकली कार्डांचा नुसता सुकाळ आहे.

मोठ्या लिलावघरांत बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याने द्यायची वरची फी, लागतो, बोलीवर २० टक्के किंवा जास्तच. बेसबॉलपटू मिकी मँटलचं, टॉप्स कंपनीचं १९५२ चं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेज या लिलावघराकडे १.२६ कोटी डॉलरला गेलं, तो आकडा प्रीमियम धरून आहे. तुमची बिड ठरवताना हे आधी वजा करा.

भारतात मागवणाऱ्यांनी शिपिंग आणि कस्टम ड्यूटी धरून एकूण किती पडतंय ते बिड टाकायच्या आधी मांडावं, नंतर कुरिअरवाल्याशी भांडून उपयोग नाही.

पॉप रिपोर्ट, म्हणजे त्या ग्रेडची किती कार्डं आहेत ती यादी, दर थोड्या महिन्यांनी बघत जा. तो आकडा वाढतच जातो, कमी फारसा होत नाही. आज "फक्त १२" असलेली उद्या ४० झाली की भाव बसतो.

खेळाडू प्लेऑफमध्ये (सीझनच्या शेवटच्या बाद फेरीत) चमकला त्याच रात्री त्याचं रूकी कार्ड (त्याच्या पहिल्या सीझनचं कार्ड) घेऊ नका, त्या रात्री सगळेच घेत असतात. सीझन संपल्यावर दोन-तीन महिने थांबा. हे सांगून सांगून थकलो.

आणि विकणाऱ्यांसाठी एकच. ९९ सेंटपासून सुरू होणारा लिलाव फक्त अशा कार्डाचा लावा जे आठवड्याला चार-पाच जातात, तेही इकडच्या रविवारी संध्याकाळी संपेल असा, तेव्हा लोक फोन घेऊन बसलेले असतात. वर्षातनं तीनदा विकलं जाणारं कार्ड लिलावात टाकलंत आणि त्या आठवड्यात तो एक खरा शौकीन गावाला गेला असेल तर कार्ड मातीमोल जाईल. असं कार्ड "बाय इट नाऊ" वर, म्हणजे लिलाव न करता ठरलेल्या किंमतीला, ठेवा, ऑफर चालू ठेवा, आणि पहिल्या आठवड्यात निम्म्या किंमतीची ऑफर येईल ती घेऊ नका.