डिझेल ट्रकसाठी पर्यायी कंपनीचा कॅमशाफ्ट घेताय? या चुका टाळा

राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे मूळ उत्पादकाखेरीज इतर कंपन्यांचे सुटे भाग येथे सहज मिळतात. इंजिनाचे वाल्व ठरलेल्या वेळी उघडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे कॅमशाफ्टच्या बाबतीत मात्र ‘बसतो’ आणि ‘जुळतो’ यांत मोठे अंतर असते.

मुळात कॅमशाफ्टच दोषी आहे का, हे न तपासता तो खरेदी केला जातो. टॅपेटचा (कॅमशाफ्टवर टेकून हालचाल वर देणाऱ्या भागाचा) आवाज, एखाद्या सिलिंडरची घटलेली ताकद आणि सेट केलेला टॅपेट गॅप (रॉकर व वाल्व यांतील फट) वारंवार वाढणे, ही लक्षणे झिजलेल्या रॉकरमुळे (वाल्व दाबणाऱ्या तरफेमुळे) किंवा वाकलेल्या पुशरॉडमुळेही (टॅपेट व रॉकर जोडणाऱ्या दांडीमुळेही) दिसू शकतात. पुशरॉडवर डायल गेज लावून क्रँक हाताने फिरवावा आणि प्रत्येक लोबची (कॅमशाफ्टवरील उंचवट्याची) उचल मोजावी; सर्व इनलेट वाल्वच्या लोबची उचल आपसांत आणि सर्व एक्झॉस्ट वाल्वच्या लोबची आपसांत जुळली पाहिजे. एखादी उचल स्पष्टपणे कमी भरली, तर तो लोब झिजला आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दुकानदाराला केवळ इंजिनाचे नाव सांगून माल मागणे. एकाच नावाच्या इंजिनात काळानुसार बदल होत गेलेले असतात: जुन्या रचनेत डिझेलचा फीड पंप चालवण्यासाठी कॅमशाफ्टवर वेगळा लोब असू शकतो, तर कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनात कॅमशाफ्टची स्थिती ओळखणाऱ्या कॅम सेन्सरसाठी खुणा किंवा दाते लागतात. ते चुकीच्या जागी असतील, तर कॅमशाफ्ट अचूक बसूनही इंजिन सुरू होण्यास त्रास देते. म्हणून इंजिन क्रमांकावरून पार्ट नंबर काढावा, आणि जुना व नवा कॅमशाफ्ट शेजारी ठेवून जर्नलचा (बुशमध्ये फिरणाऱ्या गोल भागाचा) व्यास, चावीची खाच व ऑइलची छिद्रे ताडून पाहावीत. लोबची उंची मात्र सर्व्हिस मॅन्युअलशीच ताडावी, कारण जुना लोब झिजलेला असतो.

‘पिकअप वाढेल’ असे सांगून वेगळ्या उचलीचा कॅमशाफ्ट दिला जात असेल, तर तो नाकारावा; डिझेल इंजिनात पिस्टन आणि वाल्व यांच्यात अंतर फारच थोडे असते, त्यामुळे ते एकमेकांवर आदळू शकतात.

जुने टॅपेट पुन्हा वापरणे ही आणखी एक मोठी चूक. सपाट दिसणाऱ्या टॅपेटचा तळ बहुधा किंचित फुगीर आणि लोब किंचित तिरका घासलेला असतो, ज्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो व झीज एकाच जागी होत नाही. जुन्या लोबवर तळ झिजलेला टॅपेट नव्या लोबवर तसा फिरत नाही आणि नवा लोब लवकर खराब होतो. काही इंजिनांत छत्रीसारखे टॅपेट खालूनच काढावे लागतात, त्यामुळे मिस्त्री ते टाळू पाहतात. पण तो वाचलेला खर्च दुप्पट होऊन परत येतो. रोलर टॅपेट (तळाशी फिरते चाक असलेले) तपासून पुन्हा वापरता येतात, मात्र सपाट टॅपेटचा कॅमशाफ्ट त्यांच्यासोबत चालत नाही.

मे महिन्यात ऑइलचा दाब घसरला की नागपूरच्या उन्हाला दोष देण्याची आपली सवय आहे. पण कॅम बुश (कॅमशाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) झिजल्यानेही दाब घसरतो; म्हणून ते मोजून पाहिल्याशिवाय तो निष्कर्ष मान्य करू नये.

सपाट टॅपेटचा कॅमशाफ्ट बसवताना त्यावर असेंब्ली पेस्ट (सुरुवातीची झीज रोखणारे घट्ट वंगण) लावावी, टायमिंगच्या खुणा जुळवाव्यात आणि इंजिन सुरू होताच आयडलवर न सोडता, उत्पादकाची वेगळी सूचना नसल्यास, सुमारे २० मिनिटे १५०० ते २००० आरपीएमवर चालवावे. नंतर टॅपेट गॅप पुन्हा तपासावा. पक्क्या बिलावर कॅमशाफ्टसह नव्या टॅपेटचेही पार्ट नंबर लिहून घ्यावेत, कारण वॉरंटी मागताना टॅपेट नवे होते का, हा प्रश्न हमखास विचारला जातो.