टर्मिनलमधून माऊस-हेडफोनची बॅटरी बघताय? या चुका टाळा

लिनक्सवाल्यांची पहिली चूक ठरलेली. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एसीपीआय डॅश बी (acpi -b) ही कमांड मारायची, ८२ टक्के दिसले की खूश व्हायचं. अरे बाबा, ती लॅपटॉपची बॅटरी आहे! माऊस, कीबोर्ड, हेडफोनसाठी तिच्यावर भरवसा ठेवू नका. त्यासाठी यूपॉवर डॅश डी (upower -d) मारा, सगळी डिव्हाइसं एकाखाली एक येतात, फक्त मॉडेलचं नाव वाचून मगच आकडा बघा.

आता यूपॉवरमध्ये माऊससमोर ५५% दिसतंय आणि आठवडे झाले तरी हलत नाहीये? त्याच ओळीत पुढे कंसात बघा, इंग्रजीत चक्क लिहिलेलं असतं की हा आकडा धरू नका. लोक तेवढंच सोडून बाकी सगळं वाचतात. होतं काय, काही माऊस टक्के कळवतच नाहीत, फक्त फुल, नॉर्मल, लो असं सांगतात, आणि नॉर्मल आलं की यूपॉवर स्वतःच तिथे ५५ टाकून देतो. म्हणजे अशा वेळी बॅटरी-लेव्हलची ओळ खरी, टक्के नुसते शोभेचे.

ब्लूटूथवाल्यांची गंमत वेगळी. ब्लूटूथसीटीएल (bluetoothctl) या ब्लूटूथच्या कमांडमध्ये इन्फो मारलं की बॅटरी शून्य एक्स ४६ (0x46) अशी येते, आणि लोक धावत चार्जर शोधतात. तो हेक्स, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशोबातला आकडा आहे हो, चार सोळे चौसष्ट अधिक सहा, म्हणजे ७० टक्के, शेजारी कंसात ७० लिहिलेलंही असतं. हेडसेट ७० वरून एकदम ६० वर आला तर खराब झाला असंही समजू नका, बरेच हेडसेट १०-१० च्या पायऱ्यांनीच लेव्हल कळवतात, मधलं काही सांगतच नाहीत. आणि बॅटरीची ओळच येत नसेल तर जुन्या ब्लूझीवर (BlueZ, लिनक्सचं ब्लूटूथ सांभाळणारं सॉफ्टवेअर) त्याच्या मेन डॉट कॉन्फ (main.conf) या सेटिंग्जच्या फाईलमध्ये एक्सपेरिमेंटल ट्रू (Experimental = true) करून ब्लूटूथ सर्व्हिस रिस्टार्ट करून बघा.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनो, हे माझ्यावर बेतलेलं आहे म्हणून सांगतो. सिसच्या पॉवर सप्लाय फोल्डरमधल्या (/sys/class/power_supply) सगळ्या बॅटऱ्या वाचायच्या आणि कुठलीही ५ टक्क्यांखाली गेली की लॅपटॉप हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून बंद, अशी हुशारी मी केली होती. झालं, माऊसचा सेल उतरला आणि चार्जरला लावलेला लॅपटॉप मीटिंगमध्ये गपकन झोपला, दोनदा! त्या फोल्डरमध्ये प्रत्येक बॅटरीसोबत स्कोप नावाची फाईल असू शकते, तिच्यात डिव्हाइस लिहिलेलं असेल तर ती माऊस-कीबोर्डची, तिला हायबरनेटच्या हिशोबातून वगळा. आणि बॅटरीच्या नावाच्या शेवटच्या नंबरावर विसंबू नका, माऊसचा यूएसबी रिसीव्हर काढून परत लावला की तो बदलू शकतो, मॉडेल नेम वाचून ओळखा.

माऊस झोपलेला असतानाही आकडा जुनाच दिसू शकतो, आधी जरा हलवा, मग कमांड मारा.

एक राहिलंच. कीबोर्डमध्ये रिचार्जेबल सेल घातलेत का? ते बहुधा १.२ व्होल्टचे, साधे अल्कलाइन १.५ चे, आणि कीबोर्ड व्होल्टेजवरून अंदाज बांधत असेल तर फुल चार्ज केलेले सेलही अर्धे दाखवू शकतो. माझा कायम तसाच दाखवतो, मी आता बघतच नाही, अक्षरं गळायला लागली की सेल बदलतो.