घर, खोल्या आणि सड्यावरची बाग: घरी बांधलेल्या राउटरवर राउटिंग कसं लावावं

आधी एकच गोष्ट तपासा. तुमच्या नेटवर्कमध्ये एका जागेहून दुसरीकडे जायला दोन वाटा आहेत का? नसतील तर राउटिंग प्रोटोकॉलच्या (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवण्याच्या पद्धतीच्या) फंदात पडू नका. फायबरचा एक डबा, त्यामागे जुन्या मिनी पीसीचा केलेला राउटर आणि घरातली चार माणसं, एवढ्याला एक डीफॉल्ट रूट (वेगळी वाट माहीत नसेल तेव्हाची ठरलेली वाट) पुरतो. मागे आणखी एखादा राउटर असला, तरी दोन्हीकडे एकेक स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेली वाट) लिहिला की झालं. मात्र ‘दोन्हीकडे’ हे विसरू नका. जाण्याची वाट लिहिली आणि परतीची राहिली, तर पॅकेट (माहितीचे तुकडे) जातात पण उत्तर येत नाही.

प्रोटोकॉल कुठे कामाला येतो, त्याचं उदाहरण गुहागर तालुक्यातलं घेऊ. वेळणेश्वर-हेदवीच्या बाजूला अशी मांडणी सहज दिसते: समुद्रालगत नारळी-पोफळीच्या वाडीत घर, वाडीच्या पलीकडच्या टोकाला पर्यटकांसाठी खोल्या आणि वर सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) कलमांची बाग. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती वायफायला दाद देत नाहीत, म्हणून तिन्हीकडे वेगळा राउटर. फायबर येतं खाली घरात. मोबाईलची रेंज चांगली मिळते ती सड्यावर, म्हणून फोरजीचा डबा तिथे. घर ते खोल्या केबल, आणि दोन्हीकडून सड्यावर अँटेनांची वायरलेस जोडणी. म्हणजे त्रिकोण झाला आणि बाहेर पडायला दोन दारं झाली. आता प्रोटोकॉल हवा.

कोणता निवडावा

रिप हा प्रोटोकॉल सर्वांत सोपा, १९८८ पासून प्रमाणित. पण तो दर ३० सेकंदांनी माहिती पाठवतो आणि शेजारी राउटर गप्प झाला तर १८० सेकंद वाट बघतो. तीन मिनिटं पाहुणे तुमच्या दारात उभे. बीजीपी हा कंपन्या-कंपन्यांच्या नेटवर्कमधला व्यवहार. वाडीत त्याचं काम नाही. उरले ओएसपीएफ आणि बेबल.

जोडण्या बहुतेक केबलच्या किंवा भरवशाच्या असतील तर ओएसपीएफ घ्या. सगळ्याच वायरलेस असतील आणि मधे झाडं असतील तर बेबलचा विचार करा. पावसात ओली पानं सिग्नल खातात. जोडणी तुटत नाही, पण निम्मी पॅकेट गळतात. अशी अर्धवट जोडणी ओएसपीएफला ओळखता येत नाही, तिची ठरलेली कॉस्ट (वाटेची किंमत; कमी तिला पसंती) तो बदलत नाही. बेबल वायरलेस जोडणीतली गळती मोजून वाट बदलतो. इथे सड्याकडे समोरासमोर नजर पोहोचते असं धरून ओएसपीएफ घेऊ.

यंत्र आणि पत्ते

तीन-चार लॅन पोर्टचा मिनी पीसी, त्यावर डेबियन लिनक्स, आणि मेमरी कार्डऐवजी एसएसडी. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू होण्याची सोय असते, ती आधी लावा. नाहीतर लाईट आली की दर वेळी कुणाला तरी सडा चढावा लागेल. खाऱ्या हवेत पोर्ट गंजतात, रिकाम्या पोर्टना रबरी बुचं बसवा.

पत्ते कागदावर लिहून काढा. घर १९२.१६८.१०.०/२४ (रेषेमागचा आकडा मालिकेचा आकार सांगतो), खोल्या १९२.१६८.२०.०/२४, बाग १९२.१६८.३०.०/२४. तीन जोडण्यांना १०.०.१.०/३०, १०.०.२.०/३० आणि १०.०.३.०/३०. १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० या मालिका टाळा, कंपन्यांचे डबे बहुधा त्याच वापरतात. नॅट (आतले पत्ते झाकून बाहेरचा एकच पत्ता दाखवणं) फक्त दोन बाहेरच्या दारांवर. आपल्याच राउटरांच्या मधे नॅट लावलं की कोण कुठून आलं ते कळेनासं होतं.

जोडणी

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत; टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत. तिन्ही मशीनवर कर्नलमधलं आयपी फॉरवर्डिंग (एका पोर्टवर आलेलं पॅकेट दुसऱ्यावरून पुढे पाठवणं) चालू करा आणि एफआरआर हे राउटिंगचं पॅकेज बसवा. त्याच्या ‘डीमन्स’ फाईलमध्ये ओएसपीएफडी समोर ‘नो’ असतं, ते ‘येस’ करून सेवा पुन्हा सुरू करा.

मग ‘व्हीटीवायएसएच’ ही एफआरआरला आज्ञा द्यायची खिडकी उघडून ‘राउटर ओएसपीएफ’मध्ये जा. प्रत्येकाला वेगळा राउटर-आयडी द्या आणि ‘नेटवर्क’ आज्ञेने आपल्या मालिका एकाच विभागात, एरिया ० मध्ये, घाला. पाहुण्यांकडच्या इंटरफेसवर ‘पॅसिव्ह इंटरफेस’ (तिथे ओएसपीएफ बोलणार नाही) लावाच, कुणाच्या लॅपटॉपने शेजारी म्हणून आत शिरायला नको. जोडणीच्या इंटरफेसवर नेटवर्क प्रकार पॉइंट-टू-पॉइंट ठेवा. कॉस्ट केबलला १०, वायरलेसला ५०. ओएसपीएफ १० सेकंदांनी हॅलो पाठवतो आणि ४० सेकंदांनी शेजारी मेला असं मानतो. ते २ आणि ८ करा, पण जोडणीच्या दोन्ही टोकांना आकडे सारखेच हवेत.

‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’मध्ये शेजारी ‘फुल’ दिसला पाहिजे. दिसतच नसेल तर फायरवॉल बघा. ओएसपीएफ टीसीपी-यूडीपीवर चालत नाही, आयपी प्रोटोकॉल ८९ मोकळा सोडावा लागतो. ‘एक्स-स्टार्ट’वर अडकला तर बहुधा दोन्ही टोकांचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) जुळत नाही. सगळं जमलं की ‘राइट मेमरी’. ही आज्ञा राहिली तर लाईट गेली की केलेलं सगळं पुसलं.

बाहेरची दोन दारं

खरी मेख इथे आहे. दोन्ही दारांवर डीएचसीपीला (आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेला) गेटवे लावू देऊ नका, डीफॉल्ट रूट एफआरआरमध्ये स्वतः लिहा. घरी फायबरच्या डब्याकडे, नेहमीसारखा. सड्यावर फोरजीच्या डब्याकडे, पण शेवटी अंतर (पसंतीचा क्रम; कमी तो आधी) २०० देऊन. ओएसपीएफने आलेल्या रूटचं अंतर ११० असतं, त्यामुळे घरचं दार उघडं असेपर्यंत सडाही फायबरच वापरतो. दोन्हीकडे ‘डीफॉल्ट-इन्फर्मेशन ओरिजिनेट’ लावा, पुढे ‘ऑलवेज’ जोडू नका. घरचा डीफॉल्ट गेला की सड्याचा पुढे येतो आणि तोच सगळ्यांना कळवला जातो.

पण घरचा जाणार कसा? झावळी पडून रस्त्यावरची फायबर तुटली तरी डबा घरात सुखरूप असतो, आपल्या राउटरशी त्याची केबल जिवंत असते. ओएसपीएफला शेजारी मेलेला कळतो, इंटरनेट मेलेलं कळत नाही. म्हणून घरच्या राउटरवर छोटी स्क्रिप्ट लागते: दर पाच सेकंदांनी ९.९.९.९ या इंटरनेटवरच्या सार्वजनिक डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) पिंग, म्हणजे ‘आहेस का’ अशी विचारणा, सलग तीन चुकले तर डीफॉल्ट रूट काढायचा, सलग दहा-बारा लागले तर परत लावायचा. परत लावायची घाई नको, नाहीतर अर्धवट सुधारलेल्या लाईनवर सगळं घर हेलकावे खाईल.

या स्क्रिप्टसोबत ९.९.९.९/३२ साठी फायबरकडे जाणारा वेगळा स्टॅटिक रूट हवा. तो नसेल तर फायबर गेल्यावर पिंग सड्यावरून फिरून यशस्वी होईल, स्क्रिप्टला वाटेल लाईन आली आणि मेलेल्या दारावर पुन्हा गर्दी. आणि हाच पत्ता घरात डीएनएस म्हणून वाटू नका. फायबर बंद असताना तो घरच्या राउटरमागून पोहोचणार नाही.

तपासणी मृगाआधी करा, पाहुणे नसताना. खोलीतून पिंग चालू ठेवून आधी घर-खोल्यांची केबल काढा, मग फायबरची बारीक वायर डब्यातून काढा. डब्याची वीज बंद करून भागणार नाही, ती वेगळी परिस्थिती. दुसऱ्या वेळी वीसेक सेकंद पिंग थांबून पुन्हा सुरू झालं पाहिजे. चालू व्हिडिओ कॉल मात्र तुटणारच, कारण बाहेरचा पत्ता बदलतो. पाहुण्यांना पुन्हा फोन लावायला सांगा.